मेंढीच्या पाठीवरचा जांभळा पट्टा

मी अंजनाच्या मेंढीच्या पाठीवरचा जांभळा पट्टा बोलतोय. पट्टा कसला, सकाळपासून बादलीतला फेस झालोय. ऐका लवकर, टाइम न्हाई.

कडा गावच्या बाजारातून रंगाच्या पुडीत आलतो. मेंढीच्या वळखीसाठी अंजनानं मला नुसत्या पाण्यात कालवलं, तर मी लोकरीवर टिकंना. लोकरीला मेणचट तेल असतंय, पाणी त्याच्यावरनं घरंगळतंय. मंग तिनं चिमूटभर कपड्याची पावडर टाकली. साबण दोन तोंडाचा, एका तोंडानं पाण्याला धरतो, दुसऱ्यानं तेलाला. त्यानंच मला लोकरीत आत पोचवलं. बसलो मी, एकदम ऐटीत.

मंग अंजना आई-बापासंगं ऊस तोडायला गेली. मेंढी ठिवली चुलत्याकडं, रामहरीकडं. त्याची मेंढरं बिनरंगाची. हिकडं मेंढी गाभण राहिली अन् चुलत्याची नियत फिरली.

आज अंजना आल्याचं कळलं, की ह्यानं कुडाच्या भिताडामागं बादली घेतली. पावडर मूठभर. चिमटीनं बसवलेला मी, मुठीनं उपटला. साबणाचे बारीक बारीक गोळे झाले, त्यांनी मला मधीच कोंडलं. केसाकेसाला धरून बघितलं, लई वरडलो. रंगाचं कोण ऐकतंय बे?

अंजना दारात आली. "काका, माझी मेंढी?"

"लांडग्यानं नेली, पोरी."

"मंग ही कावून भिजली?"

"माझी हाय ती. उकडत होतं तिला. तुझ्या मेंढीवर पट्टा होता ना? दाव हिच्यावर."

मेंढी अंजनाकडं तोंड करून ब्यां ब्यां करायली.

"बघा, वळखती मला."

"ती समद्यालाच ब्यां करती. परवा एसटीलाबी केलं."

अंजनानं पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात चुलत्यानं कुडामागं जाऊन बादली उपडी केली, वरून दोन घागरी पाणी मारलं. म्हंजी मी पार वाहून जाईन.

तितंच फसला. पाणी वाढलं तसा साबण पातळ झाला, त्याचे गोळे विरले, मी सुटलो. कुडाखालनं वाहत थेट अंजनाच्या पायाशी. तिच्या टाचंला उसाच्या फडातल्या भेगा हायत. एका भेगंत घुसलोय, जीव खाऊन धरलंय.

पण ती निघाली. चार पावलात फुफाटा मला झाकून टाकीन.

तुमाला तोंड हाय, तुमी हाक मारा तिला. म्हणावं, अंजने, टाच बघ. अन् वल्या मातीच्या मागं मागं कुडापर्यंत जा, बादलीच्या तळाला मी अजून थोडा हाय.