चौथ्या महिन्याचं जेवण

"एवढे दिवस होतीस कुठे गं?" पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर रेतनोंनी विचारलं.

"इथंच की. लाँड्रीत इस्त्र्या करत," टेबलावर पडल्या पडल्या वार्तिनी हसली. आज ती खुशीत होती. चार महिने पुरे झाले होते आणि संध्याकाळी घरी त्याचं जेवण होतं. चार महिने भरले की गर्भात रूह येते, मग सोनोग्राफीला हरकत नाही, असं सासूनेच ठरवलं होतं.

आधी बघायचं नाही, याला कारण होतं. गेल्या वर्षी पाळी चुकल्याबरोबर वार्तिनी धावत इथे आली होती. फार लवकर आली होती. पडद्यावर नुसती पिशवी दिसली. "दोन आठवड्यांनी ये, तेव्हा ठोके दिसतील," डॉक्टरांनी सांगितलं. ते आठवडे उलटायच्या आतच सगळं वाहून गेलं आणि गल्लीतल्या बायकांना आयता विषय मिळाला. 'एवढी कसली घाई झाली होती बघायची? नेलं ना भुतानं उचलून!' अडतिशीच्या बाईला असं रोज ऐकवलं, की तिलाही ते खरं वाटायला लागतं. या खेपेला तिने तोंडाला कुलूप लावलं आणि दवाखान्याची वाटच सोडली. नवरा सुमात्रात पामच्या मळ्यावर. त्यालाही तिने उशिराच कळवलं.

"उलट्या कधी थांबल्या?"

"झाले की दोन महिने. आई म्हणाल्या, चला, गर्भ रुजला. कोंबडी कापली त्या दिवशी."

डॉक्टरांनी यंत्र पुन्हा एकदा पोटावरून फिरवलं. मग बाजूला ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"वार्तिनी, बाळाची वाढ तेव्हाच थांबलीय. आठव्या आठवड्यात. ठोके नाहीत गं."

वार्तिनीला आधी काही कळेना. लाँड्रीत इस्त्री फिरवताना ती रोज पोटाशी बोलत होती. आज गरम आहे, सोस जरा. हा सदरा कुणाचा सांग. म्हणजे दोन महिने ती कुणाशीच बोलत नव्हती.

"लवकर आले असते, तर वाचलं असतं?"

"नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यात आली असतीस तर कळलं असतं, एवढंच." डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागल्या. "उद्या सकाळी मोठ्या इस्पितळात जायचं. अंगावर काढायचं नाही."

घरी बायका नारळाच्या पानांत भात बांधत होत्या. सगळ्यांची थट्टामस्करी रंगात आली होती. सासूने सुनेचा चेहरा पाहिला आणि तिला मागच्या पडवीत ओढलं. ऐकलं तशी म्हातारी स्वतःलाच बोल लावायला लागली.

"मीच गं तुला बघू दिलं नाही. मीच!"

"बघितलं असतं तरी तेच होतं, आई."

"सगळ्यांना परत पाठवते. मशिदीच्या मोदिनांना, दुआ मागायला येऊ नका म्हणून निरोप धाडते."

"नको."

"अगं, आता कुणासाठी दुआ मागायची?"

"त्याच्यासाठीच. त्याचं नाव ठेवणं नाही, कबर नाही. त्याच्यासाठी चार माणसं जमायची ती आजच. जेवू देत."

संध्याकाळी पुरुष चटयांवर बसले. बाळंतपण सुखरूप होवो, लेकरू नेक निघो, अशी मोदिनांनी दुआ मागितली. सगळे आमीन म्हणाले. पडद्याआड सासूने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. वार्तिनी मात्र स्पष्ट आवाजात आमीन म्हणाली. एवढं दुःख तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग घरी न्यायच्या जेवणाच्या टोपल्या द्यायला ती स्वतःच दारात उभी राहिली. शेजारचे म्हातारे कार्योकाका सगळ्यांत शेवटी निघाले.

"पोरगा असो की पोरगी, आता जपायचं हं. वजन उचलायचं नाही."

"नाही उचलणार, काका," वार्तिनी म्हणाली आणि भाताचा आणखी एक पुडा तिने त्यांच्या टोपलीत ठेवला. "नातवंडांना द्या."