माफीचा अर्ज

बाल न्यायालयाच्या तळमजल्यावर पैसे भरायची एकच खिडकी होती आणि तिच्यामागे एकोणीस वर्षं एकच बाई बसत होती. वकिलांपासून शिपायापर्यंत सगळे तिला कॅशियरबाई म्हणत. हिशेबाला चोख, बोलायला जेवढ्यास तेवढी. पोरांनी करून ठेवलेल्या उद्योगांचे दंड, कोर्टाचा खर्च, सरकारने पोराला दिलेल्या वकिलाची फी, आणि सुधारगृहात ठेवलं असेल तर तिथल्या मुक्कामाचे दिवसाप्रमाणे पैसे, हे सगळं तिच्याकडे जमा व्हायचं.

तिच्या उजव्या हाताच्या खणात माफीच्या अर्जांचा गठ्ठा होता. ज्या घराची ऐपत नाही त्यांनी तो भरला, की न्यायाधीश रक्कम कमी करत, कधी सगळीच सोडून देत. पण कोणी मागितला तरच द्यायचा, आपण होऊन सांगायचं नाही, असा हेडक्लार्कचा दंडक होता. "खिडकी एवढीशी का ठेवलीय? हात आत यावा म्हणून, तोंड नाही," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. कॅशियरबाईही हसायची. जी गोष्ट ठाऊकच नाही ती कोण मागणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळायचं, आणि ती पुढची पावती फाडायची.

एकदा पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर खिडकीशी आली. आई एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. मुलीने दोन मैत्रिणींबरोबर एका बंद दुकानाची काच फोडली होती. मैत्रिणींच्या वडिलांनी एकरकमी पैसे भरले आणि त्या सुटल्या. हिला हप्ते बांधून मिळाले. तीन हप्ते वेळेवर आले. चौथ्याच्या वेळी लाँड्री दोन आठवडे बंद होती. हप्ता चुकला म्हणून मुलीला अकरा दिवस सुधारगृहात ठेवलं, आणि त्या अकरा दिवसांचे पैसे बाकीत चढले.

सुटल्यावर ती पुन्हा आईबरोबर आली. नवा आकडा वाचून मुलीने वाकून खिडकीतून विचारलं, "मावशी, मला आत ठेवलं त्याचेही पैसे आम्हीच द्यायचे?"

"हो."

"मग हे संपणार कधी?"

कॅशियरबाईचा हात खणाच्या मुठीवर गेला. मागच्या टेबलावर हेडक्लार्क बसले होते. रांगेत चार माणसं होती. तिने हात काढून घेतला.

"पुढचा हप्ता दहा तारखेला," ती म्हणाली.

दहा तारखेला आई एकटीच आली. नोटा मोजताना तिने सांगितलं, की पोरगी आठ दिवसांपूर्वी घरातून निघून गेली. उशीखाली चिठ्ठी होती: मी नसले की माझे पैसे लागणार नाहीत.

"मग तुम्ही कशाला भरताय?" कॅशियरबाईने न राहवून विचारलं.

"तिच्या नावाचं वॉरंट निघेल ना. उद्या परत आली तर दारातून उचलून नेतील. तिची वाट मोकळी करून ठेवायचीय मला."

त्या दिवसापासून कॅशियरबाईच्या मागे मुलीचा तो ‘हे संपणार कधी’ लागला. शिक्का मारताना ऐकू यायचा, घरी भांडी घासताना ऐकू यायचा, अगदी जवळून, कोणी वाकून विचारावं तसा. ती उत्तर पुटपुटायची. "कोणाशी बोलतेस?" नवरा विचारायचा. "कोणाशी नाही," ती म्हणायची. खिडकीत कोणत्याही मुलीचा हात आला, की तिला मान वर करायचा धीर व्हायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःच एक अर्ज काढून त्या मुलीच्या नावाने भरायला घेतला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मुलाने अथवा मुलीने न्यायाधीशांसमोर सही करावी. एकोणीस वर्षांत तिने तो कागद शेवटपर्यंत वाचला नव्हता.

आई हप्ता भरायला आली तेव्हा तिने अर्जाचं सगळं सांगून टाकलं.

आईने विचारलं, "हा कागद तेव्हाही होता?"

"होता."

"कुठं?"

कॅशियरबाईने खण उघडून दाखवला. आईने आतला गठ्ठा बघितला. मग तिने नोटा पुढे सरकवल्या.

"पावती द्या," ती म्हणाली.

त्यानंतर कॅशियरबाई प्रत्येक पावतीबरोबर एक अर्ज देऊ लागली, मागो न मागो. दीड महिन्यात हेडक्लार्कनी तिला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं.

आईला सगळी बाकी फेडायला चौदा महिने लागले. शेवटची पावती घेऊन ती जिना उतरून खाली आली. "तुम्ही बघायला हवी म्हणून आणली," एवढंच म्हणाली आणि गेली. मुलीचा मात्र पत्ता नव्हता.

आठ महिन्यांनी एका दुपारी रेकॉर्ड रूममधला फोन वाजला; जुन्या केसेसची चौकशी तिथेच जोडून द्यायचे. पलीकडे एक तरुण आवाज. नाव न सांगता त्याने केसचा नंबर सांगितला, सगळे आकडे तोंडपाठ, आणि विचारलं, "यावर बाकी किती आहे?"

कॅशियरबाईला रजिस्टर उघडावं लागलं नाही. "काही नाही. तुझ्या आईने सगळं फेडलं. वॉरंट नाही, काही नाही. तू घरी जा बाळ."

मग आवाज म्हणाला, "असं सांगून बोलावता आणि मग धरता." फोन बंद झाला.

कॅशियरबाई तशीच उठून लाँड्रीत गेली. वाफेने भरलेल्या खोलीत आईने इस्त्री बाजूला उभी केली.

"तीच होती?"

खोटा दिलासा द्यायची कॅशियरबाईला इच्छा झाली. "नंबर तिचा होता. नाव मी विचारलं नाही. मला तो आवाज रोजच ऐकू येतो, त्यामुळे आता छातीवर हात ठेवून सांगवत नाही."

"माझ्यासाठी म्हणाली का काही?"

"नाही."

"पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

तिने सांगितलं. आईने आणखी दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून आई जेवणाच्या सुट्टीत तळघरात येऊन बसू लागली. फोन वाजतो तेव्हा आई हातातला घास खाली ठेवते. कॅशियरबाई उचलते, ऐकते आणि मानेने नाही म्हणते. मग आई घास उचलते.