पहिल्या जाळ्यातली पुडी

आमच्या कळव्याच्या खाडीकाठी नारळी पुनवेनंतर पहिल्या जाळ्यात जे येईल ते आधी देवापुढं जातं. उघडायचं नाही, विकायचं नाही. एका साली तर मगर आली होती, दिवसभर देव्हाऱ्यात शहाण्यासारखी बसली. असो.

यंदा दामाजी कोळ्याच्या जाळ्यात चिकटपट्टीनं गच्च गुंडाळलेली विटेएवढी पुडी आली. त्याच्या बायकोनं, सरस्वतीनं तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि अख्ख्या आळीला दर्शनाला बोलावलं.

आळीच्या आधी पोचल्या अमली पदार्थ पथकाच्या इन्स्पेक्टर वैशालीबाई, साध्या साडीत. आदल्या दिवशी पोलीस मागे लागले तेव्हा कुणीतरी पुलावरून माल खाडीत फेकला होता. तो हाच. शेजारी म्हणून पंच मला केलं.

ज्याच्या घरात माल, गुन्हा त्याच्यावर, दहा वर्षं आत, असं बाईंनी शांतपणे सांगितलं.

"मॅडम, चोरीचा माल कोन देवाम्होरं ठेवतंय?" सरस्वती म्हणाली.

"कोर्टात देव साक्षीला येत नाही, ताई. ज्याचा माल तो आला तरच हे सुटतील. दिवेलागणीपर्यंत थांबते."

शिपाई मोरीत लपले. बाई स्वतः प्रसादाचं ताट घेऊन बसल्या. माणसं येत होती, नारळ ठेवून जात होती. ढीग पार आढ्याला टेकला, पण सगळे चेहरे ओळखीचे. उन्हं उतरली. बाई उठायला लागल्या, तसा दामाजीनं बायकोकडे धुतलेला शर्ट मागितला.

तेवढ्यात एक अनोळखी इसम दारात आला, रिकाम्या हातानं. देवीचं नाव ऐकून डोंबिवलीहून आलो, म्हणाला. वर एकवीरेच्या तसबिरीकडे ढुंकूनही न बघता त्यानं पुडीपुढं लोटांगण घातलं. डोळ्यांत पाणी. आळीत इतका मनापासून नमस्कार कुणी केला नव्हता.

"प्रसाद म्हणून हेच नेतो," म्हणत त्यानं पुडी उचलली.

वैशालीबाईंनी मनगट धरलं. "इथला प्रसाद घरी नेत नाहीत. बसा."

मोरीतले शिपाई बाहेर आले. पुडी माझी नाहीच, तो म्हणू लागला. दोन्ही तळवे कुंकवानं लाल.

"मंग रडलास कोनासाठी रे?" सरस्वतीनं विचारलं.

गाडीत बसेपर्यंत त्यानं पूलही सांगितला आणि फेकणाऱ्याचं नावही.

पंचनाम्यात दामाजी साक्षीदार म्हणून लिहिला गेला. त्याच्या हातातला शर्ट सरस्वतीनं काढून घेतला, पुन्हा घडी घातली. मगरीचंही लिहा, मी म्हटलं. बाईंनी ऐकलं नाही.