आपल्या शब्दांत

"हे कुणी लिहिलंय?" मॅडमनी विचारलं.

"मीच," सिस्टर म्हणाल्या. "अक्षर माझंच आहे."

"अक्षराचं नाही म्हणत मी. हा तुमचा परिच्छेद बघा, आणि हा पुस्तकातला."

मॅडमनी कागद आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. सिस्टरांनी चष्मा चढवला आणि ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मनातून त्यांना बरंच वाटलं. ड्यूटीवर जाता-येता बसमध्ये छत्तीस पानं तोंडपाठ केली होती आणि पुस्तक बाजूला ठेवून त्यातली हवी ती उतरवून काढली होती. शेहेचाळिसाव्या वर्षी डोकं एवढी साथ देतं म्हणजे काही थट्टा नव्हे.

"स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही ना?" त्यांनी कौतुकाच्या अपेक्षेने विचारलं.

मॅडम युनिव्हर्सिटीत इंग्लिश शिकवायच्या. वयाने सिस्टरांच्या मुलीपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, याला चोरी म्हणतात."

भर वॉर्डात कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं सिस्टरांना झालं. तेवीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. झाडणाऱ्या बाईपासून बड्या सर्जनपर्यंत सगळ्यांना त्या सिस्टर. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी ठरवलं, आता उभं राहणं पुरे, नर्सिंगच्या मुलींना शिकवायचं. शिकवायचं तर डिग्री हवी, आणि डिग्रीचे निबंध सगळे इंग्लिशमध्ये. म्हणून या वयात पोरीबाळींच्या शेजारी बाकावर बसणं आलं.

"मॅडम, मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही हो. सगळं पाठ केलं."

"तेच तर. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून द्यायचं नसतं. कुणाचं ते लिहायचं, नाहीतर आपल्या शब्दांत मांडायचं. हे चौकशी समितीकडे गेलं तर तुमचं नाव कमी होईल, आणि हॉस्पिटललाही पत्र जाईल."

आपल्या शब्दांत! सिस्टरांच्या धंद्यात नेमकं तेच केलं की नोकरी जायची. डॉक्टर जे बोलतील ते तसंच परत म्हणायचं आणि तसंच लिहायचं, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. त्यांच्या बॅचमधल्या एका मुलीने औषधाच्या आकड्याऐवजी "थोडंसं" लिहिलं, तर मेट्रनने तिला दिवसभर दाराशी उभं केलं होतं. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी नवरा "अर्धा कप चहा" म्हणाला की सिस्टरही "अर्धा कप चहा" म्हणूनच गॅस पेटवायच्या. "सही करू का खाली?" असं तो चिडवायचा.

मॅडम थोड्या नरमल्या. "गुरुवारी सकाळी या. इथे माझ्यासमोर दोन पानं लिहा. विषय हाच, ऑपरेशनच्या वेळची पेशंटची सुरक्षितता. लिखाण तुमचं असलं तर मी हे पुढे पाठवणार नाही."

घरी मुलीने ऐकलं आणि हसलीच. "अगं आई, एवढं काय घेऊन बसलीस? फोनमध्ये टाक. तो सगळे शब्द फिरवून देतो, कुणाच्या बापाला कळत नाही. आमच्याकडे सगळे तेच करतात."

"म्हणजे मी राजरोस लिहिलं ती चोरी, आणि लपवून केलेलं चालतं?"

"तसंच काहीसं."

"मग राहू दे."

"मग तुझं तू लिही ना. तुला काय कमी माहिती आहे?"

माहिती होती, घोडं इंग्लिशपाशी अडत होतं. सिस्टरांचं इंग्लिश म्हणजे थिएटरमधलं, येस सर, नो सर आणि काउंट करेक्ट. पोट शिवण्याआधी आत वापरलेले गॉजचे, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाचे, सगळे तुकडे मोजायचे. जेवढे घेतले तेवढे बाहेर आले की सिस्टरने काउंट करेक्ट म्हणायचं, मगच डॉक्टर टाका घालणार. एवढ्यावर तेवीस वर्षं निभली होती. आधी दुसऱ्या कुणी न म्हटलेलं एकही वाक्य त्या भाषेत आपण कधी उच्चारलेलं नाही, हे त्यांना आता पहिल्यांदा कळलं, आणि त्याची लाज वाटली. बुधवारपर्यंत त्यांनी अर्धी वही फाडली. सुरुवात कुठूनही केली तरी दुसऱ्या ओळीला पुस्तकच हाताला धरून न्यायचं.

गुरुवारी मॅडमच्या खोलीत पहिला अर्धा तास कागद कोराच राहिला. मॅडम समोर पेपर तपासत होत्या, मान वर न करता. पुस्तकात नाही असं आपल्याला काय माहीत आहे, याचा विचार करता करता सिस्टरांना एकच गोष्ट आठवली. ती पुस्तकात नव्हती आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्येही नव्हती. त्यांनी पेन उचललं, आणि मग ते थांबेना.

त्यांनी लिहिलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी एका सुताराचं पोटाचं ऑपरेशन होतं. मी मोजलं, एक गॉज कमी. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तुझं मोजणं चुकलंय. मी पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. ते ओरडले, लिही, काउंट करेक्ट. मी लिहिलं, जसं सांगितलं तसंच. पंधरा दिवसांनी त्याला ताप आला आणि पोट पुन्हा उघडलं. गॉज आत होतं. कागदावर फक्त पू झाला असं आलं. माणूस वाचला, पण त्याने परत रंधा धरला नाही. मी बरोबर मोजलं होतं आणि चूक लिहिलं. पेशंटची सुरक्षितता म्हणजे सिस्टरने नाही म्हणणं. मी ते म्हटलं नाही.

मॅडमनी दोन्ही पानं वाचली, मग परत पहिलं पान वाचलं. लाल पेन हातातच राहिलं.

"हे खरंच घडलंय?"

"हो."

"सिस्टर, हे तुमच्या फाइलला लागणार. उद्या हॉस्पिटलचं कुणी वाचलं तर? तुम्ही दुसरं काहीतरी लिहा. मी थांबते अजून एक तास."

"दुसरं येत नाही मला, मॅडम."

"चुका पुष्कळ आहेत यात."

"स्पेलिंगं सुधारा. बाकीचं राहू द्या."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "पास व्हाल. आधीचं मी पाठवत नाही." सिस्टर उठल्या तेव्हा त्यांनी हलकेच विचारलं, "त्याच्या घरच्यांना माहीत आहे?"

"नाही. त्याच्या बायकोला इंग्लिश कुठलं येतंय!"

बोलून गेल्या आणि सिस्टरांनी जीभ चावली. बसमध्ये तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. परक्या भाषेत लिहिलं म्हणून लिहिता आलं. हातमोजे घालून उचलावं तसं ते उचललं गेलं. पास झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. सुताराची बायको दर गुरुवारी नवऱ्याच्या गोळ्या न्यायला यायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. अकरा वर्षं गुरुवारी दुपारी त्या औषधांच्या खिडकीकडे फिरकत नसत.

आज त्या ड्यूटीच्या तासभर आधी पोचल्या आणि सरळ तिकडेच गेल्या. बाई रांगेतून बाहेर पडतच होती, हातात कापडी पिशवी.

"अगंबाई, सिस्टर! किती वर्षांनी दिसताय! बारीक झालात."

"परीक्षा होती."

"या वयात? कमाल आहे तुमची. कसली?"

"इंग्लिशची."

"जमलं का मग?"

"जमलं थोडंफार. तुमचे हे कसे आहेत?"

"आहेत, बसून असतात. नशीब आमचं, दुसरं काय. पण खरं सांगू का, त्या वेळी तुम्ही होतात म्हणून माणूस हाती लागला. मी सगळ्यांना सांगते."

सिस्टर तिच्या जवळ सरकल्या. आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नव्हता, हीच पंचाईत होती. इथे प्रत्येक शब्द तिला कळणार होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी एक गॉज कमी होतं."

"म्हणजे काय हो?"

भिंतीशी बाक होता. सिस्टरांनी तिला हाताला धरून तिथे बसवलं. स्वतः मात्र तिच्यासमोर उभ्याच राहिल्या आणि सुरुवातीपासून सांगू लागल्या.