पतंगाच्या मिशीतला तारी

मी एक जुना तारी, म्हणजे पार नेणारा नावाडी आहे. माझी नदी मात्र तुम्हाला दिसायची नाही, मित्रांनो, कारण ती पतंगाच्या मिशीवरच्या एका पोकळ केसात मावते. शास्त्रज्ञ मला प्रथिन म्हणतात. म्हणोत बापडे. मी स्वतःला तारीच म्हणणार.

जुना म्हणजे किती, असं विचाराल. पतंग कोशातून बाहेर पडायच्या आधीच मी घडलो, आणि पतंगाचं आयुष्य ते केवढं! त्या हिशोबाने मी म्हातारा. आमचं गाव धारगळ, देवकीबाईंचा वांग्यांचा मळा. गोवा राज्य होऊन आता दहाएक वर्षं झाली आहेत, आणि देवकीबाई हमरस्त्याच्या कडेला बसून वांगी विकतात.

माझं काम ऐका. पतंगाची मादी दूर कुठल्या पानावर बसून वास सोडते. तो वास केसाच्या छिद्रातून आत येतो आणि तिथेच अडतो, कारण तो तेलकट आणि आत सगळं पाणी. पलीकडच्या मज्जातंतूपर्यंत त्याला जायचं असतं, पण पाण्यात पाय घालायची तयारी नसते. मग मी त्याला पोटातल्या खळगीत घेतो. वाटेत त्याचे तुकडे करायला काहीजण टपलेले असतात, त्यांना हात लावू देत नाही. नार्व्याच्या फेरीबोटीत कोणीही चढतं, माझ्यात ठरलेलाच पाहुणा बसतो. पलीकडच्या काठाशी पाणी जरा आंबट होतं. तिथे माझं अंग वळतं, माझंच शेपूट खळगीत शिरतं आणि पाहुण्याला बाहेर ढकलतं. तंतू जागा होतो, पतंग मादीच्या दिशेने उडतो. लोक घट्ट धरण्याचं कौतुक करतात. मला विचाराल तर वेळेवर सोडणं जास्त कठीण.

आता घराण्याची लाज सांगतो. आमच्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि वांगी आतून पोखरतात. म्हणून देवकीबाईंचे यजमान जयराम विषारी औषध फवारायचे. गेल्या वर्षी त्या औषधाने देवकीबाई मळ्यातच चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून पंप मळ्यात येता कामा नये, असा त्यांचा हट्ट. कृषी खात्यातल्या विनिताबाईंनी त्यांना सापळा दिला होता. काठीला बांधलेला साबणपाण्याचा डबा, आणि वर टांगलेली रबराची बारीक टोपी. त्या टोपीत आमच्या मादीसारखाच बनवलेला वास भरलेला; त्याला भुलून नर पाण्यात पडावेत आणि माद्यांची अंडी फळू नयेत म्हणून.

पण डब्यात एकही पतंग पडेना.

"तुझो डबो रिकामोच हा," जयराम म्हणाले. "परवा मी पंप काढतंय."

"काढा. मी मळ्यातच उभी ऱ्हवतंय. आधी माझ्यार फवारा," देवकीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विनिताबाई आल्या. त्यांनी टोपी चाचपली. "ही तेलकट कशी झाली?"

"दसऱ्याक कोयत्याक, नांगराक तेल-कुंकू लावलंय. मगे ह्याका कसो वगळू?"

"अहो देवकीबाई, वास तेलातच अडकून राहिला. बाहेर येणार कसा?"

इथे घोडं पेंड खात होतं तर. पाहुण्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. तेल सापडल्यावर तो कशाला हलेल?

देवकीबाईंनी स्वतःच्या हाताने नवी टोपी बांधली. "पुढच्या दसऱ्याक कुंकू काठयेक लावतंय," त्या म्हणाल्या. देवाचंही राहिलं आणि कामाचंही.

तिन्हीसांजेला माझ्या दारात पाहुणा आला. खरा की बनवलेला, ते मला कळत नाही. दोघेही खळगीत सारखेच बसतात. मी त्याला घेतलं, पार नेलं, काठावर सोडलं. पतंग उडाला आणि डब्यात पडला.

मी आता साबणाच्या पाण्यात आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? माझ्या पतंगाला मादी भेटली नाही. पण उचललेलं ओझं मी अर्ध्या वाटेत टाकलं नाही, आणि टाकणारही नव्हतो.

सकाळी जयराम पंप घेऊन आले. डब्यात डोकावले. पतंगांनी पाणी झाकून टाकलं होतं. पंप खांद्यावर टाकून ते तसेच घरी परतले.

मित्रांनो, आलेल्याला पार न्यायचं, एवढंच मला येतं. कशाने काय मरतं आणि कोण आजारी पडतं, हे पाहायला तुम्हाला डोळे आहेत. विषाचा पंप उचलण्याआधी ते जरूर उघडा. देवकीबाई डबा ओतायला येत आहेत. यंदा त्यांच्या हातांना फक्त वांग्याच्या पानांचा वास आहे.