धोंड्याच्या महिन्यातली पेनल्टी

मी जर्मनसाहेबांची शिट्टी बोलतेय. पितळेची, पोटात बुचाचा दाणा असलेली. जगभर वाजले, कुणाला घाबरले नाही. पण यंदाच्या, एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात बारामतीच्या मैदानावर जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहान कारखान्यातला. एकहार्ट विंकलर नावाच्या तरुण फुटबॉल प्रशिक्षकाने मला विकत घेतलं आणि तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात. त्यांच्याबरोबर घाना पाहिला, इराण, बोलिव्हिया, थायलंड... नऊ देश झाले. सगळीकडे तीच तऱ्हा. येताना गळ्यात फुलांचा हार, आणि दोन सामने हरले की क्लबचे अध्यक्ष ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत. मग साहेब निमूट बॅग भरायचे आणि मला एका मोज्यात कोंबायचे. त्या मोज्याचा मला फार राग.

साठीला टेकलेल्या साहेबांना पुण्याच्या एका शिबिरात दादासाहेब भेटले. भवानीनगरकडच्या एका क्रीडा मंडळाचे हे अध्यक्ष. ते साहेबांना घेऊनच आले. राहायची सोय सणसरला, संघातला सर्वांत जोरकस गडी भिमा, त्याच्या घरच्या बाहेरच्या खोलीत. भिमाची आई सारजाबाई भाकरी द्यायची. साहेब ठेचा खाऊन लालबुंद व्हायचे, तरी पुन्हा मागायचे. दोन वर्षांत त्यांनी दाराशी शेवगा लावला. नऊ देशांत त्यांनी कुठे रोप लावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांना इथेच राहायचं होतं. पण दादासाहेबांनी बजावलं होतं, यंदा करंडक आला नाही तर प्रशिक्षण बंद.

अंतिम सामना इंदापूरच्या संघाशी. त्यांचा गोलकीपर महिपती, म्हणजे भिमाच्या बहिणीचा, मनिषाचा नवरा. आणि महिना धोंड्याचा. त्याच संध्याकाळी सारजाबाईंकडे जावयाचं जेवण होतं. पुरणाचे तेहतीस धोंडे, नवे कपडे, चांदीचं निरांजन. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना तो, साहेबांना काय ठाऊक असणार? मलाही नव्हता.

सामना बरोबरीत राहिला आणि पेनल्टीवर गेला. आमचा शेवटचा फटका भिमाचा. बसला तर सामना पुढे चालू, हुकला तर संपलं. सरावात भिमाने एकही पेनल्टी चुकवली नव्हती. साहेबांनी मला मुठीत गच्च धरलं. भिमा धावत आला आणि त्याने चेंडू अलगद महिपतीच्या हातात दिला, पाहुण्याला विडा द्यावा तसा.

मी हादरले. त्याहून मोठा धक्का म्हणजे सणसरचं कुणी भिमावर चिडलंच नाही. म्हातारी माणसं तर समाधानाने माना डोलावत होती. भिमा खाली बघत साहेबांना म्हणाला, "ह्या म्हैन्यात दाजींना देव मानत्यात, साहेब. देवाला हरवायचं कसं?"

दादासाहेबांनी तिथल्या तिथे साहेबांना दुसऱ्या दिवशीची गाडी बघायला सांगितलं.

संध्याकाळी साहेब बॅग भरत होते. मोजा बाहेर आलेला मला दिसला. ओसरीवर महिपती पाटावर बसला होता, पण ताटाला हात लावत नव्हता. मनिषाने दोनदा विचारलं. मग तो भिमाला म्हणाला, "धा वर्सं गोलात उबा हाय मी. पयल्यांदा फायनल जिकली, आन् तीबी तूच वाढलीस व्हय? ह्ये ताट मला ग्वाड लागायचं न्हाय."

आणि तो उठला. धोंड्याचा जावई भरल्या ताटावरून उठला! सारजाबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. भिमा पांढराफटक पडला. ज्याला जपायला गेला, त्यालाच त्याने दुखावलं होतं.

साहेबांना शब्द किती कळले कोण जाणे, पण गोलकीपरचा चेहरा त्यांना कुठल्याही देशात वाचता यायचा. ते बाहेर आले, चेंडू उचलला आणि दोघांना अंगणात घेऊन गेले. गोठ्याच्या दोन मेढी, ते लाकडी खांब हाच गोल. अकरा लांब पावलं मोजली. "भिमा, खरी मार," एवढंच म्हणाले आणि मला ओठांना लावलं.

इतक्या जोरात मी कधीच वाजले नव्हते. भिमाने फटका हाणला. महिपतीने अंग झोकून दिलं, पण चेंडू त्याच्या बोटांना चाटून कडब्यात घुसला. महिपती धूळ झटकत उठला, लाल झालेला हात चोळत भिमाकडे बघून हसला. मग सारजाबाईंना म्हणाला, "मामी, वाढा आता. भूक लागलीया."

दुसऱ्या दिवशी साहेब गेले. दादासाहेब निरोपालाही आले नाहीत. मी मोज्याची वाट बघत होते, पण तो रिकामाच बॅगेत गेला. साहेबांनी मला सारजाबाईंच्या हातात ठेवलं आणि शेवग्याला पाणी घालायची खूण केली.

सारजाबाईंनी मला देव्हाऱ्यात ठेवलंय. सहा महिने झाले, रोज हळदकुंकू वाहतात. ते तोंडातून आत जाऊन दाणा चिकटलाय, तो आता हलत नाही. मनिषा, भिमा, कुणीतरी ऐका. मला देव करू नका, देवाशी कुणी खरं खेळत नाही. मला धुवा, आणि एकदा जोरात फुंका.