मच्छिंद्रची दुरुस्ती

संगणकाच्या पडद्यावर नाव विचारणाऱ्या चौकटीत श्रीधर आगाशेने ‘मच्छिंद्र’ असं लिहिलं आणि स्वतःच्याच हुशारीवर तो खूश झाला. नारायण पेठेतला आगाशे स्वतःला मच्छिंद्र म्हणवून घेईल, असा संशय कुणाला स्वप्नातही आला नसता. मग खुर्ची पुढे ओढून त्याने तक्रार लिहायला घेतली. भाषा इंग्रजी, पण तिरकसपणा अस्सल पेठेतला. ‘जगभर वाटण्याआधी लेखकाने हा प्रोग्रॅम एकदा चालवून पाहिला असता, तर उपकार झाले असते.’

“अहो, पोहे निवताहेत,” स्वयंपाकघरातून राधाचा आवाज आला.

“निवू देत.”

लेखक होता प्रज्ञेश. कॉलेजातून थेट श्रीधरच्या कंपनीत आला तेव्हा श्रीधरनेच त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. पुढे प्रज्ञेशने मालट्रकांच्या फेऱ्या आखणारा एक प्रोग्रॅम फावल्या वेळात लिहिला आणि ओपन सोर्स करून टाकला. म्हणजे आतला सगळा कोड उघड्यावर. कुणीही वाचा, वापरा, दुरुस्त करा. कंपनीच्या नियमाप्रमाणे बाहेर एक ओळही द्यायची तर लेखी परवानगी लागे, नाहीतर नोकरी गेली. हा नियम श्रीधरनेच लिहिला होता आणि प्रज्ञेशला परवानगीही त्यानेच दिली होती. “करा दानधर्म,” असं म्हणून हसलाही होता.

आता तो दानधर्म परदेशातल्या कंपन्या वापरत होत्या, आणि श्रीधरचं हसू केव्हाच मावळलं होतं. कारण हेच काम करणारा ‘मार्गी’ हा कंपनीचा प्रोग्रॅम श्रीधरने उमेदीची वर्षं घालून उभा केला होता. मार्गी बंद करून प्रज्ञेशचा प्रोग्रॅम घ्यावा, असं संचालक उल्का साने यांच्या मनात होतं. लवकरच बैठक होती. श्रीधरच्या पोटात दुखत होतं, आणि ते पोह्यांनी थांबणारं नव्हतं.

प्रज्ञेशचा कोड तो आठवडाभर वाचत होता. चांगला होता, याचाच जास्त संताप येत होता. शेवटी चूक सापडली. काही रस्ते सकाळी एका दिशेने खुले असतात आणि संध्याकाळी दुसऱ्या. ट्रक वाटेत असताना ही वेळ उलटली, की प्रोग्रॅम त्याला बेधडक समोरच्या वाहनांत घालत होता. मार्गीही एके काळी याच खड्ड्यात पडला होता. तिथे श्रीधरने ठिगळ लावलं होतं: असले रस्ते सरळ टाळायचे. ट्रक लांबून फिरायचे आणि गिऱ्हाइकं कुरकुरायची. पण आपला तो बाब्या!

प्रज्ञेश आता त्या तक्रारीखाली चारचौघांत चिडेल, हुज्जत घालेल आणि ती हुज्जत आपण बैठकीत दाखवू, असा श्रीधरचा बेत होता. संध्याकाळी उत्तर आलं.

‘मच्छिंद्रजी, मनापासून आभार. तुमचं शंभर टक्के खरं आहे. मी प्रयत्न केला, पण मला हे सुटत नाही. तुम्ही बघाल का?’

श्रीधरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चूक कबूल करूनही हा पोरगा मोठाच दिसत होता. बघाल का म्हणे! बघतोच. दाखवतोच तुला.

आणि तो कामाला लागला. सकाळचं फिरणं सोडलं, पेपर घडीसकट तसाच पडून राहू लागला. ठिगळाने भागणार नव्हतं. कोड उघड्यावर, सगळं जग बघणार. मार्गीत जे बंद दाराआड खपून गेलं ते इथे खपलं नसतं. जुनं सगळं पुसून त्याने रस्ता आणि वेळ यांचं गणित नव्याने मांडलं. पाठवलं. प्रज्ञेशने दोन शंका विचारल्या, त्या रास्त होत्या. श्रीधरने पुन्हा सुधारलं. शेवटी प्रज्ञेशने दुरुस्ती स्वीकारली आणि खाली लिहिलं, ‘सुंदर.’

त्या दिवशी श्रीधर दाढी करताना शीळ घालत होता.

“काय झालंय काय तुम्हाला?” राधाने विचारलं. “बढती?”

“छे,” तो म्हणाला आणि त्याने तोंड धुतलं.

खराडीच्या ऑफिसात बैठक भरली तेव्हा श्रीधर तयारीनिशी आला होता.

“फुकट ते पौष्टिक हे ठीक आहे,” तो म्हणाला. “पण उद्या बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं? मालकच नाही.”

उल्काने प्रज्ञेशकडे पाहिलं.

“बिघडलं होतं, मॅडम,” प्रज्ञेश म्हणाला आणि त्याने पडद्यावर ती तक्रार दाखवली. “मला नाही सुटलं. हे मच्छिंद्र म्हणून कुणी आहेत, त्यांनी आधी मला झापलं आणि मग स्वतःच दुरुस्त करून दिलं. ना ओळख ना पाळख. मार्गीत हीच अडचण अजून तशीच आहे.”

उल्काने चष्मा लावला. तीही कधीकाळी कोड लिहायची. ती बराच वेळ वाचत राहिली. श्रीधरने समोरचा पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

“काय स्वच्छ लिहितो हा माणूस,” ती म्हणाली. “श्रीधर, तुमच्या हरकतीला उत्तर मिळालं की. मार्गी थांबवू या. आणि प्रज्ञेश, याला शोधून काढ. नवी टीम त्याच्या हाताखाली देऊ. मी तुमचा विचार करत होते, श्रीधर, पण खरं सांगते, हे काही औरच आहे.”

‘मीच तो’ हे दोन शब्द श्रीधरच्या ओठांवर आले. त्याबरोबर स्वतःचा लेखी परवानगीचा नियमही आठवला. पण त्याला गप्प बसवलं ते नियमाने नव्हे. पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहताना पोटात तीच जुनी, ओळखीची कळ उठली होती. वीस वर्षं इथे खपलो आम्ही, आणि कौतुक कुणाचं, तर या कोण कुठल्या मच्छिंद्राचं!

“एका दुरुस्तीवरून काय ठरवायचं?” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा चढला. “जन्मात तेवढं एकच धड काम केलं असेल त्याने.”

“सर, रागावू नका,” प्रज्ञेश हळूच म्हणाला. “पण तुम्ही एकदा नीट वाचा ते. आपल्यापैकी कुणालाही जमलं नसतं.”

श्रीधरने वाचल्यासारखं केलं. दोष दाखवायला एकही जागा नव्हती, तरी त्याची नजर ओळीओळीतून ती शोधत राहिली.